'गो'चं 'वेंट' का होतं? उत्तर आपल्या 'गेला'मध्येच आहे

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा सहावीत, सेमी इंग्लिशला. गृहपाठात त्याने 'गो'चा भूतकाळ 'गोएड' असा लिहिला आणि वहीवर लाल फुली आली. त्याचं म्हणणं असं की 'प्ले'चं 'प्लेड' होतं, 'वॉक'चं 'वॉक्ड' होतं, मग 'गो'चं 'वेंट' कसं? त्यात 'गो'मधलं एकसुद्धा अक्षर नाही. शाळेत त्याला सांगितलं गेलं की इंग्रजीत असंच असतं, पाठ कर. ताईंनी आणखी दोन गोष्टी विचारल्या आहेत. 'गो' हा शब्द संस्कृत 'गम्'पासून आला असा एक संदेश मोबाइलवर फिरतोय, तो खरा का? आणि शब्दकोशात 'गो'खाली अर्थांची रांग लागलेली असते, ती मुलाला शिकवायची कशी?

ताई, मी ठाण्यात नौपाड्यात जवळजवळ तीस वर्षं इंग्रजी शिकवते. सकाळी शाळेची मुलं असतात आणि संध्याकाळी कळवा, दिवा, ऐरोली, वाशीकडून नोकरी करणारी माणसं येतात. तुमच्या मुलाने विचारलेला प्रश्न इतक्या वर्षांत मला फार थोड्यांनी विचारला. बाकीचे 'गो, वेंट, गॉन' एका सुरात म्हणून मोकळे होतात. त्याने विचारलं याचा मला मनापासून आनंद झाला, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

थोडक्यात उत्तर असं: 'वेंट' हा 'गो'चा भूतकाळ नव्हताच. तो 'वेंड' नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ होता. 'गो'चं जुनं भूतकाळी रूप मागे पडलं आणि त्या रिकाम्या जागी 'वेंट' येऊन बसला. आणि तुमचा मुलगा रोज शंभर वेळा हेच करतो, फक्त मराठीत.

संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर उभं राहून ऐका. जिना धापा टाकत चढणारा माणूस वरून उतरणाऱ्याला विचारतो, "फास्ट गेली का?" उत्तर येतं, "गेली!" किंवा "जातेय, पळा!" आता त्या दोन शब्दांकडे बघा. 'जातेय' आणि 'गेली'. क्रिया एकच, पण एकात 'जा' आहे आणि दुसऱ्यात 'गे'. बसणेचं 'बसली' होतं, चढणेचं 'चढली' होतं, तर जाणेचं 'जाली' का होत नाही? हा प्रश्न आपल्याला पडत नाही, कारण 'गेली' आपण व्याकरण कळायच्या आधीच शिकलो. मुलाला आधी हा प्रश्न विचारा आणि तो गोंधळून तुमच्याकडे बघेपर्यंत थांबा. मग पुढचं सांगा.

मराठीच्या या एका क्रियापदात दोन जुने धातू राहतात. 'जाणे' आला 'या' धातूपासून. संस्कृतात 'याति' म्हणजे जातो. प्राकृतात शब्दाच्या सुरुवातीच्या 'य'चा 'ज' झाला आणि 'याति'चं 'जाइ' झालं. हा बदल तुम्हाला ओळखीचा आहे: यात्रेची जत्रा झाली, योग्याचा जोगी झाला, योगेश्वरीची जोगेश्वरी झाली. 'यात्रा' हा शब्दही त्याच 'या'पासूनचा, म्हणजे 'जाणे' आणि 'जत्रा' ही एकाच घरची भावंडं. 'गेला' मात्र आला 'गम्' धातूपासून. 'गत' म्हणजे गेलेला. महाराष्ट्री प्राकृतात त्याचं 'गअ' झालं, त्याला 'इल्ल' हा प्रत्यय लागला आणि पुढे 'गेला' तयार झाला. 'कृत'चं 'केला', 'मृत'चं 'मेला' हे याच वाटेने झाले. वर्तमानकाळ एका धातूचा आणि भूतकाळ दुसऱ्या धातूचा, असा संसार आपल्या भाषेत कित्येक शतकं सुखाने चालला आहे. हिंदीत 'जाता' आणि 'गया', गुजरातीत 'जाय' आणि 'गयो', तिथेही तेच.

आता इंग्रजीकडे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत जाण्याचं क्रियापद होतं 'गान', आणि त्याचा भूतकाळ होता 'एओदे'. म्हणजे तेव्हाही जोडी विजोडच होती, 'एओदे'सुद्धा 'गान'च्या पोटचं नव्हतं. मधल्या काळातल्या इंग्रजीत 'एओदे'ची रूपं झिजत, बदलत गेली. त्याच वेळी 'वेंडन' नावाचं आणखी एक क्रियापद जोरात होतं. त्याचा अर्थ वळणे, वळवणे, आपली वाट धरणे. 'वाइंड' म्हणजे गुंडाळणे किंवा वळणं घेणे, त्याचं हे वळवण्याच्या अर्थाचं रूप. मराठीत 'वळणे'वरून 'वळवणे' करतो तसंच. 'वाँडर' म्हणजे भटकणे, तोही याच कुळातला.

'वेंड'चा भूतकाळ 'वेंट'. हे अजिबात विचित्र नाही. 'सेंड'चं 'सेंट', 'बेंड'चं 'बेंट', 'लेंड'चं 'लेंट', 'स्पेंड'चं 'स्पेंट', तसंच 'वेंड'चं 'वेंट'. ही पाच रूपं मी फळ्यावर एकाखाली एक लिहिते आणि पहिल्या चारांनंतर थांबते. पाचवं मुलं स्वतःच ओरडून सांगतात. "हा तर 'गो'वाला वेंट!" हे वाक्य दरवर्षी कोणीतरी म्हणतंच, आणि दरवर्षी मला ते नव्याने आवडतं.

पंधराव्या शतकाच्या आसपास इंग्लंडच्या दक्षिणेकडे 'वेंट' हाच 'गो'चा भूतकाळ म्हणून पक्का झाला. बिचाऱ्या 'वेंड'ला स्वतःचा भूतकाळ उरला नाही, म्हणून त्याने 'वेंडेड' असा नवा करून घेतला. आज 'वेंड' एखाद्या ठरावीक वाक्प्रचारातच भेटतो, हळूहळू वाट काढत जाणे अशा अर्थाने. 'गॉन' मात्र मूळच्या 'गान'चाच. त्यामुळे 'गो, वेंट, गॉन' या तिघांत पहिला आणि तिसरा सख्खे, मधला बाहेरून आलेला. मुलांना हे सांगितलं की तिन्ही रूपं एकदम डोक्यात बसतात.

तुमच्या मुलाला सांगण्यासारखी गोष्ट आता येते. उत्तर इंग्लंडमध्ये आणि स्कॉटलंडमध्ये 'वेंट'चा शिरकाव झाला नाही. तिथल्या लोकांनी 'गो'च्या त्यांच्या रूपालाच भूतकाळाचा नेहमीचा प्रत्यय लावला आणि 'गेड' असा शब्द बनवला. स्कॉट्स बोलीत तो आजही आहे. म्हणजे तुमच्या मुलाने 'गोएड' लिहिताना जो विचार केला, अगदी तोच विचार एका अख्ख्या प्रदेशाने केला होता. परीक्षेत 'वेंट'च लिहायचं, त्यात सवलत नाही. पण त्याच्या डोक्याने नियम लावला होता आणि नियम बरोबर लावला होता, हे त्याला कळायलाच हवं. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ती मुलंही तीन-चार वर्षांची असताना 'गोएड' म्हणतात. माझी भाची त्या वयात "मी करलं" म्हणायची. बसलं, उठलं, हसलं असे शब्द कानावर पडून तिने नियम ओळखला होता आणि तो 'करणे'ला लावला होता. वर्षभरात 'केलं' आपोआप आलं, कारण घरात ते दिवसातून पन्नासदा कानावर पडत होतं.

भाषेत अशी विजोड रूपं टिकतात ती नेहमी सर्वांत जास्त वापरातल्या शब्दांत, त्याचं कारण हेच. क्वचित लागणारा शब्द माणूस विसरतो आणि गरज पडली की नियमाने नवं रूप घडवतो. रोजच्या शब्दाला विसरायला वेळच मिळत नाही. फ्रेंचमध्ये 'मी जातो' आणि 'मी जाईन' ही दोन रूपं लॅटिनच्या दोन वेगळ्या क्रियापदांतून आली आहेत. स्पॅनिशमध्ये तर 'मी गेलो' आणि 'मी होतो' यांना एकच शब्द चालतो. इंग्रजीत 'गो'च्या जोडीला 'इज' आणि 'बी' बघा. 'इज' हा आपल्या 'अस्ति'चा नातेवाईक, 'बी' हा 'भू'चा. मराठीतलं 'होणे'ही त्याच 'भू'चं.

नातेवाईक म्हटलं, म्हणून आता त्या मोबाइलवरच्या संदेशाकडे येते. 'गो' आणि 'गम्' दोन्हींत 'ग' आहे, दोन्हींचा अर्थ जाणे, तेव्हा एकातून दुसरा आला, असा त्यातला युक्तिवाद. तो दोन ठिकाणी चुकतो.

पहिली चूक 'पासून आला' यात आहे. इंग्रजी संस्कृतातून निघालेली नाही. संस्कृत, लॅटिन, ग्रीक, आणि इंग्रजी-जर्मनचा पूर्वज असलेली जर्मानिक भाषा, या सगळ्या एका आणखी जुन्या भाषेच्या लेकी. विल्यम जोन्सने 1786 मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत भाषण करताना संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एकच असावं आणि ते मूळ कदाचित आता उरलेलं नसावं, असं मांडलं. तेव्हा नातं आई-मुलीचं नाही, मावशी-भाचीचं आहे.

दुसरी चूक जास्त गमतीची आहे. अशा भाषांत सारखा ऐकू येणारा शब्द नात्यातला असेलच असं नाही, कारण हजारो वर्षांत ध्वनी बदललेले असतात, आणि ते ठरावीक रीतीने बदललेले असतात. ही रीत याकोब ग्रिमने 1822 मध्ये नीट मांडून दाखवली, परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांपैकी थोरला तोच. त्या रीतीप्रमाणे मूळ भाषेतला 'ग' इंग्रजीच्या घराण्यात 'क' होतो. संस्कृतात गायीला 'गो' म्हणतात, इंग्रजीत ती 'काऊ' होते. 'ज्ञा' धातूचा भाऊ म्हणजे इंग्रजी 'नो', जाणणे या अर्थाचा, आणि त्याच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीचा 'के' अजून आहे. पूर्वी त्याचा उच्चारही होत असे. 'जानु' म्हणजे गुडघा, इंग्रजीत 'नी', तिथेही मुका 'के' उभा आहे. मग 'गम्'चं काय झालं असेल? 'क' आणि 'म'. 'कम'!

होय ताई, 'गम्'चा सख्खा भाऊ 'गो' नाही, 'कम' आहे. जाणे आणि येणे या दोन्ही अर्थांच्या मुळाशी पाऊल टाकणे हा अर्थ. संस्कृतात तो जाण्याकडे वळला, इंग्रजीत येण्याकडे. लॅटिनमध्ये त्याच मुळापासून येणे या अर्थाचं क्रियापद झालं, आणि त्यातून इंग्रजीत 'इव्हेंट', 'व्हेन्यू', 'अॅडव्हेंचर' असे शब्द आले. आणि मराठीत? 'गेला' तर 'गत'पासून आलाच, 'आला' हाही 'आगत'पासून आला. म्हणजे पुलावरच्या त्या माणसाचं "गेली" आणि प्लॅटफॉर्मवरच्या गर्दीचं "आली, आली!", दोन्हींत 'गम्' आहे, आणि इंग्रजी 'केम' त्या दोन्हींचा लांबचा चुलतभाऊ आहे.

मग 'गो'चं आपल्याकडे कोणी नाही का? आहे. इंग्रजीतल्या 'ग'समोर संस्कृतात पुष्कळदा 'ह' सापडतो. 'गूस' म्हणजे आपला 'हंस', 'गोल्ड'च्या नात्यात 'हिरण्य'. त्याच हिशोबाने बहुतेक अभ्यासक 'गो'ची सांगड संस्कृतातल्या 'हा' धातूशी घालतात. 'जहाति' म्हणजे सोडतो, टाकून जातो. 'हानी' आणि 'हीन' हे शब्द त्याच धातूचे. 'हानी'मध्ये काहीतरी हातचं गेलेलं असतं, तेव्हा अर्थ अगदीच परका नाही.

एक शब्द आणखी सांगते, कारण तो ठाण्याचा आहे असं मला नेहमी वाटतं. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्याला आली, आणि रेल्वेमागोमाग रेल्वेचे शब्द आपल्या घराघरांत आले. त्यातला एक 'गँगमन', रुळांची देखभाल करणारा. आता त्यांना ट्रॅकमन म्हणतात, पण जुनी माणसं गँगमनच म्हणतात. जुन्या इंग्रजीत 'गँग' म्हणजे चालणं, वाट, प्रवास. पुढे एकत्र लागणाऱ्या हत्यारांचा संच असा अर्थ झाला, आणि सतराव्या शतकात एकत्र काम करणाऱ्या मजुरांची टोळी. गुंडांची गँग त्या नंतरची. हा 'गँग' 'गो'चाच असेल असं वाटतं, पण त्याचं मूळ वेगळं आहे, आणि त्या मुळाचा संस्कृत वारस आहे 'जंघा'. संस्कृतात जंघा म्हणजे पोटरीचा भाग. मराठीत जांघ जरा वर सरकली. हातोडा खांद्यावर टाकून रुळांच्या कडेने मैलोनमैल चालणाऱ्या माणसाच्या नावात पाय दडलेला आहे, हे मला फार योग्य वाटतं.

उलट भिवंडीच्या ज्या गोदामांना इंग्रजीत 'गोडाउन' म्हणतात त्यात 'गो'ही नाही आणि 'डाउन'ही नाही. तो शब्द युरोपीय व्यापाऱ्यांनी पूर्वेच्या बंदरांतून उचलला. मलय भाषेत 'गुडांग' म्हणजे वखार, आणि तो शब्दही तमिळ-तेलुगूकडून तिकडे गेला असावा असं मानतात. तसंच न्हावा-शेवाच्या कंटेनरमधलं 'कार्गो'. तो स्पॅनिश शब्द, ओझं लादणे या अर्थाच्या क्रियापदापासूनचा. कार जाते म्हणून कार्गो, असं मुलं बेधडक सांगतात. त्यांना थांबवा.

आता अर्थांकडे. शब्दकोशातली रांग पाठ करायची नाही. 'गो'चा मूळ अर्थ धरायचा: मी जिथे आहे तिथून दूर होणे. बाकीचे बरेचसे अर्थ त्यातूनच निघतात.

काळ दूर होतो. 'अगो' हा शब्द बघा, 'टू इयर्स अगो'मधला. तो मूळचा 'गॉन'सारखाच, सरून गेलेला या अर्थाचा. 'दोन वर्षं सरली' असं ते वाक्य आहे. आपण 'गेल्या वर्षी', 'गेल्या आठवड्यात' म्हणतो तेव्हा तेच करतो. 'गोइंग टू'चं असंच. पंधराव्या शतकाच्या अखेरीला त्याचा भविष्यकाळी वापर दिसू लागतो. त्याआधी 'आय अॅम गोइंग टू सी द किंग' म्हणजे खरोखर पावलं उचलून राजाला भेटायला निघालो. निघालेल्या माणसाचा इरादा असतो, म्हणून हळूहळू चालणं गळलं आणि इरादा उरला. आज आपण खुर्चीत बसून 'आय अॅम गोइंग टू स्लीप' म्हणू शकतो. मराठीत भविष्यकाळ असा झाला नाही, पण तो पूल आपल्याकडेही आहे. "करायला गेलो एक आणि झालं भलतंच" यात कोण कुठे गेलेलं असतं? जागचं न हलता आपण 'करायला जातो'. हे एक वाक्य सांगितलं की 'गोइंग टू' वेगळं शिकवावं लागत नाही.

सगळ्यांत श्रीमंत भाग पुढचा आहे आणि शाळेत तो जवळजवळ शिकवला जात नाही. इंग्रजीत 'गो'पुढे विशेषण आलं की अवस्था बदलते, आणि ती बहुधा बिघाडाकडे बदलते. दूध 'गोज बॅड', माणूस 'गोज ब्लाइंड', केस 'गो ग्रे', बेत 'गोज राँग'. 'कम'पुढे विशेषण आलं की गोष्ट बहुधा भल्याकडे जाते: स्वप्न 'कम्स ट्रू', चित्र 'कम्स अलाइव्ह'. याचं कारण उभं कुठे राहायचं यात आहे. मी, माझं घर, माझी शुद्ध, नेहमीची चांगली स्थिती, हे 'इकडे'. तिथून सुटलं ते 'गेलं', तिथे पोचलं ते 'आलं'. मी वर्गात दोन रकाने करते आणि मराठी वाक्प्रचार मागते. 'जाणे'खाली येतात: वाया जाणे, तडा जाणे, तोल जाणे, भान जाणे, अब्रू जाणे, रसातळाला जाणे, कामातून जाणे. 'येणे'खाली येतात: भानावर येणे, रंगात येणे, फळाला येणे, नावारूपाला येणे. मग कोणीतरी हुशार मुलगी हात वर करते, "बाई, पण ताप येतो, राग येतो, कंटाळा येतो!" बरोबर. ते माझ्यात येतात आणि माझ्यातून जातात. चांगलं-वाईट नंतरचं, आधी 'माझ्याकडे' आणि 'माझ्यापासून' हेच. केस पांढरे आणि दूध खराब मराठीत 'होतं', तिथे इंग्रजी 'गो' वापरते, एवढा फरक लक्षात ठेवायला सांगायचं.

दुसरी गोष्ट, 'गो'चं निम्मं काम मराठीत 'चालणे' करतं. घड्याळ चालतं, धंदा चालतो, "कसं चाललंय?" आणि "कुठे चाललास?" या चारही ठिकाणी इंग्रजीला 'गो' पुरतो. "चालेल" याला मात्र नाही. तिथे 'दॅट्स फाइन' किंवा 'दॅट विल डू' म्हणा.

चुका कुठे होतात ते सांगते, कारण त्या मुलाच्याही होतील आणि मोठ्यांच्याही होतात. पहिली 'हॅड गॉन'ची. "काल मी दादरला गेलो होतो" याचं आपण 'आय हॅड गॉन टू दादर यस्टरडे' करतो. मराठीत नुसतं "काल दादरला गेलो" म्हटलं की समोरचा "बरं, मग?" म्हणून वाट बघतो. 'होतो' लावलं की जाणं आणि परतणं दोन्ही पुरं होतं. इंग्रजीत त्याला साधं 'वेंट' पुरतं. 'हॅड गॉन' तेव्हाच, जेव्हा भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधी ते घडलं: मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी निघून गेली होती.

दुसरी 'गॉन' आणि 'बीन'ची. "ती पुण्याला गेलीय" म्हणजे अजून तिकडेच आहे, तिथे 'हॅज गॉन'. "ती पुण्याला जाऊन आलीय" तिथे 'हॅज बीन'. मराठीत हा फरक आपण 'जाऊन येणे'ने इतका स्वच्छ करतो की इंग्रजीत तो समजायला अवघड जाऊ नये.

तिसरी मी स्वतः जवळून पाहिली. माझा एक विद्यार्थी, ऐरोलीला एका कंपनीत नव्यानेच लागलेला. आजोबा वारले. रात्री गावाला निघण्याआधी त्याने रजेचा मेल लिहिला: 'माय ग्रँडफादर हॅज गॉन यस्टरडे.' तीन दिवसांची रजा मागितली होती. वरिष्ठांचं उत्तर आलं की रजा मंजूर आहे, आजोबा कधी परत येणार आहेत? ते दक्षिणेकडचे, त्यांना मराठी येत नव्हतं. खरा अर्थ कळल्यावर त्यांनी लगेच फोन करून माफी मागितली. मुलगा मात्र एसटीत बसून ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत राहिला होता, असं त्याने मला नंतर सांगितलं. "बाई, मला त्यात काय चुकलं तेच कळत नव्हतं. आपण 'गेले' असंच म्हणतो ना?" हो, आपण असंच म्हणतो, आणि इंग्रजीतही 'ही इज गॉन' मृत्यूबद्दल म्हणतात, पण ते समोरासमोर, आवाजातून कळतं. लिहिताना 'पास्ड अवे' लिहायचं, आणि 'यस्टरडे' असेल तर मागचा 'हॅज' काढायचा. त्या दिवसापासून मी मोठ्यांच्या वर्गात हे पहिल्या आठवड्यातच शिकवते, धड्यात असो वा नसो.

म्हणून आपण घरातून निघताना "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. आजी दारात उभी राहून बजावायची, "जाते म्हणू नये, येते म्हण." तीच सवय इंग्रजीत घेऊन माझे विद्यार्थी मीटिंगमधून उठताना 'ओके, आय विल कम' म्हणतात आणि समोरचा विचारतो, कुठे? तिथे 'आय अॅम ऑफ' किंवा 'आय शुड गेट गोइंग' म्हणा. फोनवर मात्र "तुझ्याकडे सहाला येतो" याला 'आय विल कम टू युअर प्लेस अॅट सिक्स' हेच बरोबर. ऐकणाऱ्याकडे निघालेला माणूस इंग्रजीतही 'कम'च म्हणतो, मराठीसारखाच.

मुलाला शिकवताना क्रम असा ठेवा. आज 'जातो-गेला' विचारा, बाकी काही नको. उद्या 'सेंड-सेंट'ची रांग लावा आणि 'वेंट' त्याला स्वतः शोधू द्या. दोन रकान्यांचा खेळ रविवारी जेवताना सगळ्यांनी मिळून खेळा. आजी-आजोबा असतील तर 'जाणे'चे असे वाक्प्रचार निघतील की ते मलाही कळवा. "दिवस गेले", "पोरगी बापावर गेलीय", "त्याच्या बोलण्यावर जाऊ नकोस" हे तिन्ही येतील. यातल्या पहिल्या दोघांना इंग्रजीत 'गो' चालत नाही. तिसऱ्याला चालतो: 'डोंट गो बाय व्हॉट ही सेज.' ते वाक्य त्याच्याकडून वहीत लिहून घ्या, त्या लाल फुलीच्याच पानावर, खाली.